आप्पांवरची बोली

आप्पांच्या नावाने सही करायचा अधिकार दादाला मिळाला असता, तर त्याच्या पदरात काय काय पडणार होतं याची बेरीज मी एकदा शांतपणे बसून केली होती. एक तर आमचं लिलावघर. ते विकायला त्याने गिऱ्हाईकही हेरून ठेवलं होतं, फरशा विकणारा त्याचा एक मित्र. मग आप्पांच्या केबिनमधली फिरती खुर्ची. लहानपणी तिच्यात गरगर फिरून त्याने उलटी केली होती, आणि तेव्हापासून ती आपलीच आहे अशी त्याची समजूत होती. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, चारचौघांत "तुम्ही काळजी करू नका, मी बघतो" असं म्हणायचा कायमचा परवाना! हे वाक्य दादाला फार आवडतं. बघत तो काहीच नाही.

ताईच्या खात्यात फायद्याचा एकच आकडा होता: दादाचा फायदा होऊ न देणे. पण तो एकटा आकडा बाकी सगळ्यांना भारी होता!

आणि मी? मी या दोघांच्या पाठचा. लिलावघराचा हिशेब मी बघतो आणि आप्पांच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहतो. त्यामुळे आप्पांचं सगळं मीच करतो असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. करते मावशी. मावशी म्हणजे आप्पांना सांभाळायला ठेवलेली बाई. मी फक्त जिना उतरताना "काय आप्पा, बरं ना?" असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत फाटकाबाहेर असतो.

तर माझी योजना साधी होती. आप्पांचा पालक दादा होवो नाहीतर ताई, आपण व्हायचं साक्षीदार! साक्षीदारासारखं फायद्याचं काम जगात नाही. यायचं, दोन वाक्यं बोलायची, जायचं. ना देणं, ना घेणं! मी बायकोला अभिमानाने म्हणालोसुद्धा, "बघ, या सगळ्या भानगडीत एकाच माणसाच्या अंगाला काही लागणार नाही. तो म्हणजे मी!"

"अहो, ओल्या रंगाच्या भिंतीला टेकून उभा राहिलेला माणूसही असंच म्हणतो," ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. कोर्टाच्या कामातलं तिला काय कळतंय!

आता हे सगळं मुळात कशावरून उपटलं ते सांगतो. आप्पा म्हणजे आमचे वडील, गावातले नावाजलेले लिलाववाले. उभा जन्म लोकांची कपाटं, आरसे, पलंग आणि मोडके पियानो विकण्यात गेला. आमच्या घराचा कायदा एकच: हातोडी पडली की व्यवहार झाला! मग मागे वळून बघायचं नाही. एकदा बोलीच्या भरात आप्पांनी स्वतःचा चष्मा विकला होता. गिऱ्हाईक समोर उभं होतं, पण परत मागतील तर ते आप्पा कसले! चाचपडत घरी आले आणि नवा करून घेतला.

लिलाव चालू असताना आम्हा भावंडांना नाक खाजवायची चोरी होती. कारण न बोलता हात वर गेला की आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, चालू बोलीच्या वरची बोली! दादाने लहानपणी जांभई देताना हात ताणले आणि एक मोडका पाळणा आमच्या गळ्यात पडला. तो वाया जाऊ नये म्हणून मी जन्माला आलो, असं ताई अजून सांगते.

गेल्या वर्षापासून आप्पांच्या डोक्यातली गाठोडी सुटायला लागली. माणसं विसरले, वार विसरले, जेवलो की नाही ते विसरले. धंदा मात्र विसरले नाहीत! फक्त आपला माल कोणता आणि लोकांचा कोणता, एवढा किरकोळ फरक पुसला गेला. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी फ्रिज विकला, आतल्या भाजीसकट. आम्ही हातोडी लपवली, तर टीव्हीचा रिमोट आपटून विकायला लागले. दादा भेटायला आला आणि त्याचा चहा संपेपर्यंत दारात लावलेली त्याची स्कूटर एका वाटसरूच्या मालकीची झाली होती!

दादा बोंबलत धावला. पण तो माणूस रोख पैसे देऊन मोकळा झाला होता, आणि रिमोट पडला होता. शेवटी त्याने स्वतःच पुढे होऊन त्याला स्कूटर सुरू करून दिली. कारण ती तिरकी केल्याशिवाय सुरू होत नसे, हे नव्या मालकाला कुठून माहीत असणार?

मग बँकेने खातं अडवलं. आप्पांची सही रोज नवा अवतार घ्यायला लागली होती. मॅनेजर म्हणाले, "कोर्टातून यांना कुणीतरी पालक नेमून आणा. तोवर या खात्यातला एक पैसा हलणार नाही."

मावशीचा पगार त्या खात्यातून व्हायचा. ती भली बाई, पण तिने एका सकाळी सरळ सांगितलं, "माझंही घर आहे हो, धाकटे भाऊ. महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर मला दुसरं काम धरावं लागेल."

इथे मात्र मी जिना उतरता उतरता थांबलो. कारण आप्पा तिच्याखेरीज कुणाच्याही हातून घास घेत नव्हते. मी एकदा चमचा घेऊन बसलो, तर माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुमचा नंबर कितवा? रांगेत उभे राहा!" आणि ओठ असे मिटले, की तिजोरीने लाजावं.

दादाकडे तोडगा तयार होता. "गावाबाहेर एक संस्था आहे. हवेशीर! आप्पांना तिथे ठेवू, लिलावघर काढून टाकू, हे घरही मोकळं होईल."

"घरात मी राहतो," मी आठवण करून दिली.

"तू काय, कुठेही मावशील!"

ताई उसळली. "आप्पा या घरातून हलणार नाहीत! सांगून ठेवते!"

"मग तू येऊन राहणार आहेस का?"

"मी कशी येऊ? माझा कुत्रा कोण बघणार?"

म्हणजे प्रश्न सरळ होता. दादा पालक झाला तर आप्पांची खाट संस्थेत. ताई झाली तर आप्पा घरात, पण मावशीशिवाय बघणारं कुणी नाही. आणि कुणीच झालं नाही, तर मावशी गेली आणि आप्पांचं तोंड बंद! या तिन्ही गोष्टींवर मी अतिशय गंभीर चेहरा केला आणि पुन्हा ठरवलं: साक्षीदार.

कोर्टाला आधी डॉक्टरचा दाखला हवा होता, की या गृहस्थांना आपला व्यवहार कळत नाही. डॉक्टर घरी आले. तरुण, हसतमुख, हातात चामड्याची नवी बॅग.

"आप्पा, आज वार कोणता?"

"बोलीचा."

"तुमचं वय किती?"

"वय मालाचं विचारतात. माणसाचं विचारू नये." आप्पांची नजर बॅगेवर खिळली होती. "चामडं अस्सल दिसतंय. लिलावात काढायची आहे?"

डॉक्टरांना वाटलं, रोग्याच्या कलाने घ्यावं. "काढा की!" म्हणाले. तिथेच फसले!

आप्पांनी बॅग टेबलावर ठेवली, थोपटली, कुलूप उघडझाप करून दाखवलं आणि पुकारा सुरू केला. कुणी बोली लावली नाही तर आप्पा दिवसभर हिरमुसतात, म्हणून मावशीने सवयीने एक बोली लावली. डॉक्टरांनी हसत वरची लावली. मावशीने त्याच्या वरची. आता डॉक्टरांच्या हसण्यात थोडा घाम दिसायला लागला, कारण आप्पांच्या आवाजात अशी काही जादू आहे, की समोरची वस्तू आता गेली तर जन्मात पुन्हा दिसणार नाही असं वाटतं. डॉक्टर उठून उभे राहिले. मावशीही इरेला पेटली. शेवटी डॉक्टर ओरडले, "दुप्पट!"

"एक वार, दोन वार, तीन वार!" रिमोट पडला. डॉक्टरांनी बॅग उचलली, तर आप्पा दारात आडवे. "रोख दिल्याशिवाय माल हलत नाही."

आणि ऐका, डॉक्टरांनी पैसे दिले!

दुसऱ्या दिवशी आमच्या वकिलांनी तो दाखला वाचून दाखवला. "'ज्या गृहस्थांनी मला माझीच बॅग दुप्पट किमतीला विकली, त्यांना व्यवहार कळत नाही असे मी कोणत्या तोंडाने लिहू?'" वकिलांनी कागद खाली ठेवला. "वाट लागली! आता न्यायाधीशबाई स्वतः आप्पांना बघणार. तुम्ही साक्षीत नीट सांगा, आप्पांचं भान कसं सुटतं ते."

"दोनच वाक्यं ना?" मी विचारलं.

"दोनच."

"मग झालं!"

सुनावणीच्या दिवशी मावशीने आप्पांना लिलावाचा जुना काळा कोट घातला, कारण दुसरा कोट त्यांनी धोब्याला विकला होता. आम्ही कोर्टाच्या खोलीत शिरलो आणि आप्पा उंबऱ्यातच थबकले. बाकांच्या रांगा. बाकांवर ताटकळलेली माणसं. समोर उंच चौथरा, त्यावर टेबल, आणि टेबलावर, अगदी मधोमध, गुळगुळीत लाकडी हातोडी!

आप्पांची पाठ ताठ झाली. कोटाची बटणं त्यांनी स्वतःच्या हाताने लावली.

न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, पण आवाजाने मऊ. त्यांनी आप्पांना चौथऱ्यावर, आपल्या शेजारी खुर्ची द्यायला लावली.

"आप्पा, आपण इथे कशासाठी जमलोय, माहीत आहे का?"

"हो तर! एवढी माणसं आलीत म्हणजे माल चांगला असणार." आप्पांनी हातोडी सहज उचलली, जशी आपण स्वतःच्या घरातली वाटी उचलावी. शिपाई पुढे झाला. बाईंनी त्याला बोटानेच थांबवलं. "आज माल कोणता आहे, बाई?"

"आज विषय तुमचाच आहे, आप्पा."

"माझा?"

आप्पांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले, गुडघे दाबून बघितले, आणि उभे राहिले.

"मंडळी, खोटं सांगून विकायची आमची रीत नाही. माल जुना आहे. गुडघे दोन्ही कुरकुरतात. कान एकच चालतो, तोही मनात असेल तेव्हा. डोक्यात खोल्या पुष्कळ आहेत, पण बऱ्याच खोल्यांच्या चाव्या हरवल्यात. माणसं ओळखू येत नाहीत. मुलांची नावं एकमेकांना लागतात. मधेच डोळ्यांत पाणी येतं. कारण विचारू नये, मालालाही ठाऊक नसतं." त्यांनी एकदा घसा साफ केला. "पण लाकूड अस्सल आहे. जसा आहे तसा, जिथे आहे तिथे! मागून तक्रार चालणार नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरच्या दाखल्याची गरज संपली होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि आमच्याकडे वळल्या. "यांची जबाबदारी घ्यायला कोण तयार आहे?"

झालं! बाई विचारत होत्या कायद्याने, पण ऐकत होते आप्पा!

दादाने हात वर केला. "मी, मॅडम. चांगल्या संस्थेत ठेवीन. स्वतंत्र खोली!"

"पहिली बोली!" आप्पा गरजले. "संस्था आणि स्वतंत्र खोली! काय हो, एवढ्या अस्सल लाकडाला एवढीच बोली? बोला, पुढे बोला!"

"त्यांच्या स्वतःच्या घरी!" ताई ओरडली.

"घर आलं! बाईसाहेबांकडून घर!"

आता खरं तर दादाने खाली बसायला हवं होतं. पण ताईच्या खाली बसणं त्याच्या रक्तातच नाही. "घरी, आणि मावशीसकट!" तो म्हणाला. वहिनीने मागून त्याचा शर्ट ओढला.

"मावशीसकट, आणि रोज संध्याकाळी बाहेर फेरी!"

"फेरी, आणि रोज दाढी!"

"आणि दर रविवारी मी भेटायला येईन!"

"मी रविवारी आणि बुधवारी!"

"अरे, बुधवारी तुझं ऑफिस असतं!" वहिनी किंचाळली.

"रजा काढीन!"

ज्याला बापाला गावाबाहेर टाकायचं होतं, तो बुधवारी रजा काढायला निघाला होता! आमचे वकील भानावर आले आणि हरकत घ्यायला हात वर करून उठले.

"काळा कोट! नवीन गिऱ्हाईक!" आप्पांनी हातोडी त्यांच्यावर रोखली. "बोला साहेब, तुम्ही काय देता?"

वकिलांनी हात असा खाली घेतला, जसा काही तव्यावर पडला होता. कोपऱ्यातला टंकलेखक मात्र एक शब्द न गाळता सगळं टाइप करत होता. बाई हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होत्या. त्यांनी कामकाज का थांबवलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही पुढे वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत बापासाठी मुलं पहिल्यांदाच वर चढत होती हो. नेहमी खाली उतरतात."

ताईने दम घेतला. तिचा चेहरा लाल झाला होता. "आणि आप्पा एकच गोष्ट शंभरदा विचारतील तरी," ती म्हणाली, "त्यांच्यावर कधीही ओरडणार नाही!"

दादा खाली बसला. यापुढची बोली त्याच्याकडे नव्हती. कुणाकडेच नसते.

"न ओरडण्याची बोली," आप्पा हळूच म्हणाले. "मोठी आहे. एक वार..."

ताई पांढरी पडली. आपण काय बोलून बसलो ते तिला आता कळायला लागलं होतं. आणि नेमक्या याच क्षणी तो नतद्रष्ट कारकून उठला! इतका वेळ तो बिचारा आपल्या यादीत बोट ठेवून बसला होता. इतकी शांतता झालेली पाहून त्याला वाटलं, पुढचं काम घ्यावं.

"साक्षीदार, धाकटा मुलगा! पुढे या. शपथेसाठी उजवा हात वर करा."

मंडळी, मी चाळीस वर्षांचा घोडा, लिलावघरात वाढलेला! नाकावर माशी बसली तरी हात न हलवणारा! पण कोर्टाचा हुकूम. मी पुढे झालो, छाती काढली, आणि उजवा हात चांगला डोक्याच्या वर नेला.

"वरची बोली!" आप्पांचे डोळे चमकले. "एक वार! दोन वार! तीन वार!"

ठाक!

त्या आवाजाने खिडकीतलं कबूतर उडालं.

"मॅडम, मी शपथ घेत होतो!" मी कळवळून ओरडलो.

"शपथ झाली, ती टाइपही झाली आहे," बाई म्हणाल्या. "मग आता शपथेवरच सांगा. तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे हा व्यवहार झाला की नाही?"

"झाला!" दादा आणि ताई एका सुरात ओरडले. कित्येक वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "हातोडी पडली!"

मी आप्पांकडे बघितलं. ते थकले होते, पण चेहऱ्यावर अवघड माल योग्य गिऱ्हाइकाला गेल्याचं समाधान होतं. मावशी पदराने तोंड झाकून हसत होती की रडत होती कोण जाणे. दोनच वाक्यं बोलायची असं ठरलं होतं. मला एकच शब्द सुचला.

"झाला."

बाईंनी हुकूम दिला. धाकटा मुलगा पालक. आप्पा घरीच राहणार, मावशीचा पगार आप्पांच्या खात्यातून, लिलावघर विकायचं नाही, आणि वर्षाच्या वर्षाला पैशापैशाचा हिशेब कोर्टाला. मग त्या दादा-ताईंकडे वळल्या. "रविवार, बुधवार आणि फेरीचं तुम्ही दोघांनी कबूल केलं आहे..."

"नाही हो, मॅडम!" दादा हात जोडून म्हणाला. "वरची बोली आली की खालच्या सगळ्या रद्द. धंद्याचा नियमच आहे!"

बाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी गंभीरपणे मान डोलावली. नियम म्हणजे नियम! दोघंही असे सुटले, जशी शाळा सुटावी. हातोडी परत घेताना मात्र बाईंना तीनदा सांगावं लागलं, की ती विकायला नाही.

तेव्हापासून मी संध्याकाळी आप्पांना फिरवतो, त्यांची दाढी करतो, आणि तीच गोष्ट शंभरदा विचारली तर शंभरदा सांगतो. एक्क्याण्णवाव्या वेळी ओरडा ओठांवर येतो, तो गिळतो. आणि रोज फेरीवरून परतताना, फाटकापाशी, आप्पा थांबतात आणि अदबीने म्हणतात, "साहेब, रागावू नका. तो जुना माल तुम्ही घेतलात ना, त्याची दलाली राहिली आहे बघा."

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "आप्पा, मी तुमचा मुलगा!" त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं, की पुन्हा तसं बोललो नाही. निमूटपणे खिशात हात घालतो. त्यांच्या खात्यातून देता येत नाही, कारण बापाच्या खरेदीची दलाली बापाला दिली हे कोर्टाला कोणत्या सदरात दाखवू? ते पैसे घेतात, घरात जाऊन मावशीच्या हातावर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी दलाली पुन्हा बाकी असते!

एकूण गोळाबेरीज अशी. दादाने भरलं, शून्य. ताईने भरलं, शून्य. डॉक्टरने बॅगेपुरतं भरलं आणि सुटला. बाकी सगळं मी. परवा अगदीच राहवलं नाही, म्हणून मी आप्पांना म्हटलं, "रोज देतो, निदान पावती तरी द्या!"

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पावती ना? ती आमच्या धाकट्याकडून घ्या. पैशाअडक्याचं मी त्याच्यावर सोडलंय. पोरगा पळपुटा आहे, पण हिशेबाला चोख."

तेव्हा मंडळी, पैसे मीच भरतो, आणि पावतीही मीच फाडतो!